अलीकडे पाहिलेले मराठी सिनेमे : ‘स्थळ’, ‘साबर बोंडं’, ‘दशावतार’ आणि इतर (चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

शेवटची रांग

२०२५ साली आलेले तीन मराठी सिनेमे नुकतेच पाठोपाठ पाहिले. जयंत सोमलकरांचा ‘स्थळ’, रोहन कानवडेंचा ‘साबर बोंडं’ आणि सुबोध खानोलकरांचा ‘दशावतार’. एक चंद्रपूरकडचा, एक घाटावरच्या खेड्यातला, एक तळकोकणातला. तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, तरी पाहताना एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. ती मांडतो. तुम्हीही अलीकडे जे पाहिलं असेल ते लिहा, जुनं-नवं काहीही चालेल.

तिन्ही सिनेमे एकेका विधीवर उभे आहेत. ‘स्थळ’मध्ये मुलगी बघण्याचा कार्यक्रम, ‘साबर बोंडं’मध्ये दहा दिवसांचं सुतक, ‘दशावतार’मध्ये जत्रेतलं रात्रीचं नाटक. एरवी आपल्या सिनेमात असं काही आलं की एक गाणं होतं, चार रंगीबेरंगी दृश्यं होतात आणि गोष्ट पुढे सरकते. इथे विधी त्याच्या सगळ्या वेळासकट, अवघडलेपणासकट दिसतो. त्यामुळे दिग्दर्शकाला जे म्हणायचंय ते वेगळं बोलून दाखवावं लागत नाही.

‘स्थळ’ची सुरुवातच बघा. सविताला स्वप्न पडतं. बायका बसल्यात, समोर लग्नाचा मुलगा, आणि त्या त्याला नाव, शिक्षण, उंची, आवडीनिवडी विचारताहेत. लोक खळखळून हसतात. मग ती जागी होते आणि खरे पाहुणे येतात. आता पुरुषांची रांग, आणि समोर ती एकटी. काही दिवसांनी दुसरे पाहुणे, पुन्हा तेच प्रश्न, त्याच क्रमानं. पुढेपुढे पुढचा प्रश्न काय येणार हे आपल्यालाच पाठ होतं आणि हसू आपोआप थांबतं. नंदिनी चिकटेनं सविता जी केलीय त्याला तोड नाही. उत्तरं तीच, पण दर वेळी आवाजातून थोडं थोडं काहीतरी कमी होत जातं. ती समाजशास्त्र शिकतेय, तिला पुढे शिकायचंय, आणि वर्गात स्त्री-सक्षमीकरणावर तास चालू आहे. शेवट सांगत नाही. बघाच.

कापूसकोंडा

‘स्थळ’ आमच्या जिल्ह्यातला, त्यामुळं मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. डोंगरगाव हे दिग्दर्शकाचं स्वतःचं गाव. शूटिंग तिथंच झालं आणि पडद्यावरची बहुतेक माणसं त्या भागातलीच आहेत, कॅमेऱ्यापुढं कधी उभी न राहिलेली. म्हणून बोलण्यात कुठं खोट नाही. आजवर विदर्भातला माणूस सिनेमात आला की तो विनोदासाठीच यायचा. इथं बाप मुलीच्या लग्नाच्या काळजीत आपल्या भाषेत बोलते अन् कोणी हसत नाही.

तुम्ही विधीबद्दल लिहिलं ते पटलं, पण माझ्यासाठी या सिनेमाचा कणा कापूस आहे. कापूस घरात पडून आहे आणि बाप भाव वाढायची वाट पाहून राहिला. शहरातल्या मित्रांना सांगतो, कापूस घरात साठवणं म्हणजे काय. वेचणी झाली की भाव पडलेले असतात, म्हणून विकत नाही. मग माजघरात, झोपायच्या खोलीत, छतापर्यंत कापूस. आठवड्याभरात अंगाला खाज सुटते, लेकरं रात्रभर खाजवत बसतात, पण बाहेर काढता येत नाही. पाहुणे येणार म्हटलं की त्याच घरात सतरंजी टाकायची, कापसाकडं पाठ करून बसायचं, अन् पाहुण्यांच्या नजरेत तो ढीग किती मोठा दिसतो याचाही हिशेब असते. हुंडा त्याच ढिगातून निघणार असतो. मुलीचं स्थळ आणि कापसाचा भाव एकाच दोरीला बांधलेले आहेत, हे सोमलकरांनी एकही भाषण न ठोकता दाखवलं. २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात या सिनेमाला आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला, त्याचा आनंद आहेच. पण आमच्याकडच्या बाप्यांनी तो पाहावा, ही माझी खरी इच्छा आहे.

तिसरी घंटा

‘स्थळ’बद्दल दुमत नाही. ‘दशावतार’बद्दल मात्र आहे.

पूर्वार्ध मला फार आवडला. दिलीप प्रभावळकरांनी केलेला दशावतारी नट बाबुली मेस्त्री, त्याची अधू होत चाललेली नजर, मुलाला नोकरी लागली की काम सोडायचं हे दिलेलं वचन, रंगपटात स्वतःचा चेहरा स्वतः रंगवणं. सिनेमा आला तेव्हा प्रभावळकर ८१ वर्षांचे होते. या वयात इतकं अंग झोकून केलेलं काम मराठी पडद्यावर मी पाहिलेलं नाही. पण मध्यंतरानंतर सिनेमा सूडाच्या वाटेला लागतो, आणि तिथे तुम्ही म्हणता तो विधी परत सजावट होऊन बसतो. एकेक अवतार येतो, पार्श्वसंगीत वाढतं, खलनायक संपतो. सिनेमातला खाणकामाचा प्रश्न खरा आहे, सिंधुदुर्गात लोक त्यासाठी झगडले आहेत. तो असा एकेका दुष्ट माणसाच्या अंगावर टाकून सुटत नाही.

‘साबर बोंडं’ उलट. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, कॅमेरा बराच वेळ जागचा हलत नाही. पहिला अर्धा तास मला जड गेला हेही सांगतो. पण एकदा त्या घराच्या लयीत शिरलो, की बाहेर यावंसं वाटलं नाही.

माडाखाली

तिसरी घंटा, तुमचो मुद्दो समजलो, पण माका पटणा नाय. आता प्रमाण मराठीत लिहितो, म्हणजे सगळ्यांना सोपं जाईल.

दशावतार आमच्याकडे कसा होतो ते आधी बघा. जत्रेच्या रात्री देवळासमोर आधी आड दशावतार होतो. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, भटजी येतो, सरस्वती येते, मग काळ्या कपड्यातला, लांब लाल जीभ लोंबणारा संकासूर येतो. पोरं त्याला घाबरतात आणि त्याच्याच मागे धावतात. त्यानं वेद पळवलेले असतात. विष्णू त्याला मारतो आणि तिथे पूर्वरंग संपतो. त्यानंतर आख्यान. ते पुराणातलं असतं आणि त्यात राजा, राणी, राक्षस, युद्ध, वध हे सगळं असतंच. पहाटे दहीकाला होतो आणि उजाडतं. म्हणजे ज्याला तुम्ही सूडाची वाट म्हणता, ती दशावताराचीच वाट आहे. खानोलकरांनी सिनेमाचा आराखडा त्या रात्रीवरून घेतलाय, असं माझं ठाम मत आहे. मध्यंतराआधी पूर्वरंग, नंतर आख्यान.

आणखी एक. दशावतारी माणूस रात्री राजा असतो आणि दिवसा डोक्यावर पेटारा घेऊन पुढच्या गावी चालत जातो. त्या पेटाऱ्यात त्याचे मुकुट, भुजकीर्ती, रंग, सगळं. मी लहानपणी पाहिलंय, सकाळी चहाच्या टपरीवर बसलेल्या राजाच्या कानामागे रात्रीचा रंग राहिलेला असायचा आणि टपरीवाला त्याच्याशी बोलताना आवाज खाली आणायचा. बाबुलीला गावात जो मान मिळतो तो तसाच आहे, पैशाशिवायचा. ते दाखवायला कोकणाबाहेरचा माणूस धजावला नसता.

हा सिनेमा मल्याळममध्येही नेला, याचा मला विशेष आनंद वाटतो. केरळात थेय्यम आणि कथकळी बघत वाढलेल्या लोकांना हा आमचा माणूस सहज ओळखता येईल.

तिसरी घंटा

माडाखाली, पूर्वरंग-आख्यानाचा मुद्दा मला सुचला नव्हता आणि तो मोलाचा आहे. आता सिनेमा पुन्हा बघताना तो मनात ठेवीन.

तरी एक अडचण उरते. दशावतारात संहिता नसते. सूत्रधार कथेचा सांगाडा सांगतो आणि नट आयत्या वेळी बोलतात. त्यात राक्षसालाही त्याचं म्हणणं असतं, तो राजाशी तासभर वाद घालतो, कधी कधी टाळ्याही त्यालाच पडतात. सिनेमातल्या खाणवाल्यांना ते बळ दिलेलं नाही. त्यांना बोलू दिलं असतं, रोजगार, रस्ते, गावातल्या पोरांच्या नोकऱ्या यावर त्यांनी खरोखर वाद घातला असता, तर बाबुलीचा विजय मोठा वाटला असता. आख्यान घ्यायचं तर राक्षसाची जीभही घ्यायला हवी होती.

माजघर

इतकं गंभीर चाललंय की लिहू की नको असं होतं, पण शेवटची रांग यांनी ‘एक गाणं आणि चार रंगीबेरंगी दृश्यं’ असं म्हटलंय त्यावर बोलायचंय. ‘बाईपण भारी देवा’ मी नुकताच दुसऱ्यांदा पाहिला, सासूबाईंबरोबर. केदार शिंदेंचा, २०२३चा. त्यातली मंगळागौर सजावट आहे का? रंगीत आहे, मान्य. पण सहा बहिणी, एकमेकींशी नीट बोलत नसलेल्या, त्या स्पर्धेसाठी एकत्र येतात आणि झिम्मा-फुगडी घालताना कुणाचे गुडघे दुखतात, कुणाचा श्वास फुलतो, ते सगळं दिसतं. तेव्हा बायका घोळक्यानं, नऊवारी नेसून थिएटरात गेल्या, मध्यंतरात फुगड्या घातल्या. ज्या बाईनं वीस वर्षं थिएटरचं तोंड पाहिलं नाही ती मैत्रिणींबरोबर रिक्षा करून गेली. माझ्या सासूबाई त्यातल्याच. घरी आल्यावर त्यांनी आपल्या धाकट्या बहिणीला फोन केला. त्या दोघी बऱ्याच काळानं बोलल्या.

सिनेमा म्हणून त्यात काय कमी-जास्त आहे ते तुम्ही जाणकार सांगा. मला तो माणसांना घराबाहेर काढणारा आणि फोन उचलायला लावणारा सिनेमा वाटतो, आणि हे काम लहान नाही.

शेवटची रांग

माजघर, तुमच्या सासूबाईंचा फोन वाचून फार बरं वाटलं. ‘बाईपण’मधली मंगळागौर मी सजावटीत धरत नाही. गुडघे दुखताना दाखवले की विधी अंगावर येतो, तिथे तो खरा होतो. माझी तक्रार आहे ती हळदीच्या, गणपतीच्या, होळीच्या त्या गाण्यांबद्दल, ज्यात कुणाला घामसुद्धा येत नाही.

दूरदेशी

मी गेली बरीच वर्षं कॅनडात. ‘साबर बोंडं’ पाहून झोप लागली नाही, म्हणून लिहिते आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: आनंद मुंबईत कॉल सेंटरमध्ये कामाला आहे. वडील जातात, आणि तो आईबरोबर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. तिथे नियम आहेत. पायात चप्पल नाही, खाण्यापिण्याची बंधनं, आणि येणारा प्रत्येक नातेवाईक लग्नाचं विचारतो. तिथेच त्याला बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो. दोघांमधलं जे आहे ते कानवडेंनी इतकं अलगद हाताळलंय की एकही दृश्य बघणाऱ्याला धक्का द्यायला आलेलं नाही. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक विभागातलं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. मराठी सिनेमा तिथे पहिल्यांदाच पोचला होता.

माझे बाबा गेले तेव्हा मला वेळेत पोचता आलं नाही. दहाव्याचं सगळं व्हिडिओ कॉलवर पाहिलं. नदीकाठी वारा होता, आवाज तुटत होता, पिंड ठेवलेले आणि कावळा शिवेना. भाऊ फोन वर धरून उभा, मी इथे पहाटे स्वयंपाकघरात. नियम पाळायचे तर पाळायचे कुठे आणि कुणासमोर, हे कळत नव्हतं. आनंदला ते नियम जाचतात आणि त्याच नियमांमुळे त्याला गावात थांबता येतं, बाळ्याबरोबर रानात बसता येतं. सुतक त्याला बांधून ठेवतं आणि वेळही देतं. मला हेवा वाटला त्याचा.

आणि या निमित्तानं आणखी एक सुचवते, विधीचाच पण वेगळा. चैतन्य ताम्हाणेंचा ‘द डिसायपल’. त्यातल्या शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या शरद नेरुळकरचा रियाज म्हणजे दुसरं काय आहे? तानपुरा लावणं, गुरुजींचे पाय चेपणं, रात्री मोटरसायकलवर मोकळ्या रस्त्यानं जाताना कानात गुरुजींच्या गुरू माईंची व्याख्यानं. गुरू झालेले अरुण द्रविड स्वतः गायक, आणि माईंचा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा. भावे १९ एप्रिल २०२१ला गेल्या आणि सिनेमा नेटफ्लिक्सवर आला ३० एप्रिलला. ते ऐकताना मला वेगळंच काहीतरी होत होतं. साधनेबद्दलचे इतके कठोर शब्द, इतक्या शांत आवाजात.

रात्रशाळा

सगळे संथ सिनेमे सुचवताय, म्हणून मी एक धावता सुचवतो. ‘आता थांबायचं नाय!’, शिवराज वायचळ यांचा. १ मे २०२५ला आला. मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत जाऊन दहावी होतात, त्याची गोष्ट, खऱ्या घटनेवरची. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव आणि आशुतोष गोवारीकर.

मी रात्रशाळेत शिकवतो, त्यामुळे माझी नजर वेगळी. पोरांना (पोरं म्हणजे वय वर्षं सतरा ते पन्नास) शिकवताना पहिली अडचण गणित नसते, झोप असते. दिवसभर गटारात, कचऱ्याच्या गाडीवर किंवा हॉटेलात उभं राहून आलेला माणूस बाकावर बसला की पाच मिनिटांत डोळे मिटतात. दुसरी अडचण लाज. आपल्या मुलीच्या इयत्तेचं पुस्तक आपण उघडायचं, ही लाज. सिनेमानं ती लाज नेमकी पकडलीय. पुस्तक लपवणं, सहकाऱ्यांनी चिडवणं, आणि तेच सहकारी नंतर शेजारच्या बाकावर येऊन बसणं. काही प्रसंग डोळ्यांत पाणी काढायला म्हणून लिहिलेत, हे कळतं. तरी काढतात.

तुमच्या विधीच्या मांडणीत बसवायचं तर दहावीची परीक्षा हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा विधीच आहे. हॉल तिकीट देवापुढे ठेवणं, पेपरच्या दिवशी दही-साखर. चाळिशीच्या माणसाच्या हातावर त्याची बायको दही-साखर ठेवते तेव्हा काय होतं, हे मी प्रत्यक्ष पाहिलंय.

गोदाकाठ

‘जारण’ हा भयपट पाहिला, अमृता सुभाषसाठी. ती उत्तम, अनिता दाते उत्तम, शेवट थोडा समजावून सांगितल्यासारखा. भीतीपेक्षा काळजी जास्त वाटली तिची, आणि मला वाटतं दिग्दर्शक हृषीकेश गुप्ते यांना तेच हवं होतं.

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. आमच्या शहरात ‘स्थळ’ एकाच पडद्यावर होता, सकाळच्या खेळाला. नोकरी करणारा माणूस तेव्हा जाणार कसा? पुढच्या शुक्रवारी तो उतरलाही. मल्टिप्लेक्सनी मराठी सिनेमा दुपारी १२ ते रात्री ९ या वेळात लावावा, असं सरकारनं २०१५मध्ये ठरवलं होतं. कागदावर दुपारी १२चा खेळही त्यात बसतो, आणि बुधवारी दुपारी १२ला कोण जातं? तिकीटबारीवर गर्दी नाही म्हणून शो काढला, असं मग सांगितलं जातं. ‘दशावतार’नं गर्दी खेचली आणि त्याचे खेळ वाढत गेले, याचा मला म्हणूनच जास्त आनंद झाला. माडाखाली आणि तिसरी घंटा यांचा वाद चालू राहो, पण असा वाद घालण्याजोगा मराठी सिनेमा संध्याकाळी ७च्या खेळाला बघायला मिळाला, हेच मला मोठं वाटतं.

कापूसकोंडा

गोदाकाठ, अगदी. आमच्याकडं तर तालुक्याला थिएटरच उरलं नाही. एक होतं, तिथं आता मंगल कार्यालय आहे.

तिसरी घंटा

विधी म्हणताय तर ‘कोर्ट’ राहिलाच कसा? ताम्हाणेंचाच, २०१४चा. कोर्टाचं कामकाज हाही विधीच. सरकारी वकील कायद्याची लांबलचक कलमं एका सुरात वाचत जाते, न्यायाधीश टंकलेखकाला मजकूर सांगतात, पुढची तारीख पडते. एका गाण्यामुळे सफाई कामगारानं आत्महत्या केली, असा आरोप असलेला म्हातारा शाहीर, नारायण कांबळे, या सगळ्यात तुरुंगात-बाहेर करत राहतो. ते काम वीरा साथीदार यांनी केलं, जे स्वतः आंबेडकरी चळवळीतले होते. एप्रिल २०२१मध्ये करोनानं ते गेले.

माझ्या मनात रुतलेला प्रसंग मात्र कोर्टाबाहेरचा आहे. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील लोकलमधून घरी निघालीय, शेजारच्या बाईशी जेवणाखाण्याच्या गप्पा, मग मुलाला घेऊन घरी, पोळ्या, टीव्ही. हीच बाई दुपारी एका म्हाताऱ्याला आत ठेवा म्हणून युक्तिवाद करत होती. तिच्याबद्दल राग येऊ देत नाहीत ताम्हाणे, आणि म्हणूनच जास्त भीती वाटते. शेवटी न्यायाधीश सुट्टीत सहलीला जातात तो भाग आठवा. ‘दशावतार’च्या खलनायकांकडून मला जे हवं होतं, ते इथे त्या वकीलबाईंत आहे. तिला घर आहे, भूक आहे, थकवा आहे.

माडाखाली

‘कोर्ट’ मी पाहिलेला नाही, या रविवारी पाहतो. मग तुमच्याशी परत भांडायला येतो. राक्षसाची जीभ हा मुद्दा मात्र डोक्यात बसला. आमच्या गावातल्या एका जुन्या दशावतारी कलाकाराला विचारलं, तर ते म्हणाले की राक्षस उभा करायला राजापेक्षा जुना नट लागतो.

माजघर

दूरदेशी यांचं वाचून काल रात्री ‘साबर बोंडं’ पाहिला. नवऱ्यानं अर्ध्यावर उठायचं ठरवलं होतं, तोही शेवटपर्यंत बसला.

तुम्ही सगळे आनंद आणि बाळ्याबद्दल बोललात. मला बोलायचंय आईबद्दल. जयश्री जगताप यांनी ती केलीय. तिला मुलाबद्दल सगळं ठाऊक आहे. नवरा गेलाय, घर पाहुण्यांनी भरलंय, रडणाऱ्या बायका येऊन गळ्यात पडताहेत, आणि या सगळ्यात तिचं अर्धं लक्ष मुलाला कुणी काय विचारतंय याकडे. कुणी लग्नाचं काढलं की ती मध्ये पडते, आवाज न चढवता. सुतकातल्या बाईला रडायला तरी मोकळीक असते असं आपण समजतो, हिला तीही पुरती नाही. मराठी सिनेमात आई म्हटलं की त्याग, अश्रू आणि एक मोठं वाक्य. हिला मोठं वाक्य दिलेलंच नाही, आणि सिनेमा संपल्यावर मला सगळ्यात जास्त तिचीच आठवण येतेय.

सासूबाईंना दाखवणार आहे. त्या काय म्हणतात ते इथे लिहीन.